फिशटँक रिकामा पडलाय, ऑर्किड लावू का?

मागच्या अंकात मी सहज लिहून गेले की मुलाचा जुना दोन फुटी फिशटँक आता माझ्या मिनिएचर, म्हणजे इवल्याशा, ऑर्किड्सचं घर झालाय, आणि तेव्हापासून प्रश्न थांबायचं नावच घेत नाहीयेत. इतक्या घरांच्या माळ्यावर रिकामे टँक धूळ खात पडलेत हे मला खरंच माहीत नव्हतं. सगळ्यांना उत्तरं देणं शक्य नाही, म्हणून सारखे-सारखे प्रश्न एकत्र करून काही निवडलेत.

प्रश्न: ताई, आधी गप्पी मेले, मग मॉली मेल्या, मग आमच्या ह्यांनी फर्मान काढलं की आता या घरात मासे नकोत. टँक दोन बाय एक बाय एक फुटाचा आहे, एका कोपऱ्यातून थोडा गळतो. यात ऑर्किड लावायचे तर नेमकं काय काय करायचं? आणि ओलावा टिकायला झाकण घट्टच लावायचं ना? (डोंबिवली)

आधी गळतीचं बघू. तुमचा टँक काठोकाठ भरला तर 56 लिटरच्या आसपास पाणी बसतं, आपल्याला लागणार तळाला दोन बोटं. त्यामुळे गळती वरच्या अर्ध्या भागात असेल तर विसरून जा. तळाशी असेल तर तेवढ्या कोपऱ्यात ॲक्वेरियमवालं सिलिकॉन भरा आणि त्याचा व्हिनेगरसारखा वास पूर्ण जाईपर्यंत, म्हणजे दोन दिवस तरी, टँकला हात लावू नका. बाथरूमच्या टाइल्ससाठी बुरशी न धरणारं सिलिकॉन मिळतं ते आणू नका, त्यात औषध असतं.

काचेवर पांढरी क्षारांची रेघ असेल ती व्हिनेगरने घासली की निघते. साबण नको. जुनी खडी वापरायची असेल तर चार खडे वाटीत घेऊन त्यावर व्हिनेगर ओता, फेस आला की ती संगमरवर किंवा शिंपल्याची आहे असं समजा आणि सरळ टाकून द्या, ती पाण्यात चुना सोडत राहते आणि बहुतेक ऑर्किडना चुना सोसत नाही.

तळाला भाजलेल्या मातीचे गोळे किंवा विटेचे तुकडे, दीड-दोन इंच, त्यावर प्लास्टिकची जाळी. झाडं या तळावर लावायची नाहीत बरं का, इथेच सगळे चुकतात. मिनिएचर ऑर्किड बहुतेक फांद्यांवर राहणारी, त्यांची मुळं हवेत असतात, कुंडीत दाबून बसवली की गुदमरतात. मागच्या आणि बाजूच्या काचांना टेकवून काहीतरी उभं करा आणि त्यावर झाड बांधा. कॉर्कची साल उत्तम पण महाग पडते, मी मंगलोरी कौलांचे तुकडे वापरते, जुनं घर पाडलं की ढीगभर मिळतात, सच्छिद्र असतात, कुजत नाहीत, ओल धरून ठेवतात. कौलावर स्फॅग्नम मॉसचा (पाणी धरून ठेवणारं शेवाळ) अगदी पातळ थर, त्यावर झाड, आणि मासे पकडायच्या नायलॉन दोऱ्याने दोन वेढे. आंब्याचं लाकूड मात्र टँकमध्ये घालू नका, वर्षभरात त्यावर बुरशीचं पीक येतं.

आता झाकण. माझा पहिला टँक मी काचेचं झाकण ठेवून वरून किचनमधला क्लिंग रॅप गुंडाळून एकदम पॅक केला होता, आत नुसतं धुकं, काचेवरून थेंब ओघळतायत, मला वाटलं वा, काय जंगल झालंय, आणि दहाव्या-बाराव्या दिवशी पाचपैकी चार झाडांची पानं बुडापासून काळी पडून हातात आली. ओलावा कमी पडून टँकमधलं ऑर्किड मरताना मी फारसं बघितलं नाहीये, साचलेल्या हवेने मेलेली मात्र मोजायची सोडून दिलीत. यातली बरीच झाडं जिथली, त्या डोंगरांवरच्या ढगांच्या जंगलात हवा ओली असते पण ती सतत वाहतही असते, हे दुसरं आपण विसरतो.

म्हणून झाकणाला पुढच्या बाजूने दोन बोटं फट ठेवा, मागे एखादी पट्टी जाळीची, आणि आत कॉम्प्युटरचा छोटा पंखा. तो 12 व्होल्टचा असतो, पण 5 व्होल्टच्या मोबाइल चार्जरवर लावला की हळू फिरतो आणि आवाजही करत नाही, आपल्याला तेवढंच हवंय. पंख्याचं तोंड थेट झाडावर नको, काचेकडे करा म्हणजे हवा आतल्या आत फिरेल. वायर जोडायचं काम ओल्या हाताने करू नका आणि चार्जर टँकच्या वर टांगू नका, पाणी वायरवरून ओघळत खाली येतं. हे सांगायची गरज नाही असं वाटतं पण आहे.

फवारा सकाळीच मारायचा आणि दोन तासांत पानं कोरडी झाली पाहिजेत. झाली तर पंखा बरोबर आहे, नाही झाली तर फट वाढवा. ओलावा मोजायचा स्वस्त डिजिटल मीटर मिळतो, तो 60 ते 80 टक्क्यांत असला की झालं, 95 बघून खूश होऊ नका.

लाइटसाठी दोन फुटी 10 वॉटची एलईडी बॅटन, पांढरी, 6500 केल्व्हिन लिहिलेली, रोज बारा तास, टायमर लावून. टँक उन्हात ठेवायचा नाही, सकाळच्या कोवळ्या उन्हातसुद्धा नाही, काचेची पेटी तासाभरात भट्टी होते.

प्रश्न: ऑनलाइन सेलमधून मास्डेव्हालिया नावाचं ऑर्किड घेतलं, केशरी फुलासकट आलं होतं. तीन आठवड्यांत पानं काळी पडून गळाली. एका ग्रुपवर सांगितलं म्हणून टँकमध्ये रोज बर्फाची बाटली ठेवत होतो. विकणाऱ्याने फसवलं का? (नाशिक)

फसवलं म्हणणार नाही, पण तुमचं गाव विचारलं असतं तर बरं झालं असतं. मास्डेव्हालिया, ड्रॅक्युला, लेपॅन्थिस ही मंडळी दक्षिण अमेरिकेत अँडीज पर्वताच्या ढगांमधली, बरीचशी दीड-दोन हजार मीटरच्या वरची. तिथे दिवसा वीस-बावीस आणि रात्री दहा-बारा डिग्री, बारा महिने. त्यांना जाड कंदही नसतो, पाणी साठवायची सोय नाही, त्यामुळे गरम झालं की मागे काही शिल्लकच नसतं. दिवसाची गरमी एक वेळ चालवून घेतील, पण गरम रात्र सोसत नाही. नाशिकच्या डिसेंबरात तुमचं झाड खूश राहिलं असतं, एप्रिलमध्ये कोणीही वाचवू शकलं नसतं.

बर्फाच्या बाटलीने तासभर एक कोपरा गार होतो आणि झाडाला उगाच झटके बसतात. पंखा आणि फवाऱ्याने थोडं गार होतं, तेही तुमच्याकडे हवा कोरडी म्हणून, घरातला कूलर चालतो तसंच. डोंबिवलीत तोच प्रयोग केला तर नुसता दमट वारा मिळेल. काही हौशी लोक वाइन ठेवायच्या फ्रिजला काचेचं दार असतं त्यात लाइट-पंखा बसवून ही झाडं वाढवतात. करा हौस असेल तर, मी वीजबिल बघून गप्प बसते.

त्यापेक्षा गरमी सोसणारी घ्या. स्कोएनॉर्किस फ्रॅग्रन्स आपल्या ईशान्येकडून थायलंडपर्यंत सापडतं, जाड पानांचं झाड काडेपेटीवर मावेल एवढं, गुलाबी फुलांचा गुच्छ, वासही छान. हराएला तैवानचं, पिवळं फूल, मधे मरून डाग, झाड लहान आणि फूल त्या मानाने मोठं. एरिसिना पुसिला म्हणजे हिरव्या पानांचा इवलासा जपानी पंखा, पिवळी फुलं, लवकर फुलतं म्हणून प्रयोगशाळांमध्येही लावतात, पण आयुष्य कमी, चार-पाच वर्षं जगेल अशी अपेक्षा ठेवू नका. बल्बोफायलममध्ये तर दोन हजाराच्या आसपास जाती आहेत, त्यातल्या छोट्या टँकला मस्त, फक्त घ्यायच्या आधी वासाचं विचारा. काही जातींची फुलं माश्यांना बोलवायला सडक्या मांसाचा वास सोडतात, हॉलमध्ये टँक असेल तर पाहुणे तुमच्या किचनवर संशय घेतील.

प्रश्न: आमच्याकडे पावसात मोडलेल्या फांद्यांवर छोटी-छोटी ऑर्किड्स दिसतात, लोक बांडगूळ म्हणून जाळतात. आंबोलीच्या रस्त्याला तर पडलेलीच असतात. ती उचलून टँकमध्ये लावली तर पुण्यच ना? (सावंतवाडी)

तुमचा जीव तुटतोय ते समजतं, माझाही तुटतो. पण दोन गोष्टी आहेत.

एक म्हणजे कायदा. राखीव जंगलातून, अभयारण्यातून फांदी पडलेली असली तरी झाड उचलून आणायचं नाही. आणि ऑर्किडचं अख्खं कुळच साइट्स या आंतरराष्ट्रीय कराराच्या यादीत आहे, म्हणजे देशाबाहेर पाठवायचं तरी परवाने लागतात. आज तुम्ही एक उचललं, उद्या ते बघून चार जण विकायला पोतं भरून आणतात, असं होतं हो. रस्त्यात पडलेलं दिसलं तर तिथल्याच जवळच्या झाडाच्या बेचक्यात खोचून ठेवा आणि पुढे चला.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची आणि ती कोणी सांगत नाही. आपल्या सह्याद्रीतली ऑर्किड्स टँकसाठी बनलेलीच नाहीत. त्यांचं वर्ष दोन भागांचं असतं, चार महिने बदाबदा पाऊस आणि मग पुढे सात-आठ महिने जवळजवळ कोरडं. पॉरपॅक्स बघितलंय का, फांदीला शर्टाची बटणं चिकटवल्यासारखे चपटे कंद, पावसाच्या तोंडाला फूल, मग दोन पानं, आणि पाऊस संपला की पानं गळून परत नुसती बटणं. डेंड्रोबियम बार्बॅट्युलमची तर पानं झडलेल्या काड्यांवर ऐन फेब्रुवारी-मार्चमध्ये पांढरी फुलं येतात. ही झोप त्यांना हवीच असते. टँकमध्ये बारा महिने ओलावा, झोप मिळत नाही, एक-दोन वर्षं हिरवी दिसतात आणि मग कंद मऊ पडतात. ओबेरोनिया, ती वेणीसारखी चपटी पानं असलेली, तिचंही तेच.

तुमच्या स्वतःच्या परड्यातल्या आंब्या-फणसाची फांदी मोडली असेल तर गोष्ट वेगळी. ते झाड घरात आणू नका, त्याच आंब्याच्या खोडावर, पावसाळी वाऱ्याच्या बाजूला, सुंभाने किंवा केळीच्या सोपाने घट्ट बांधून टाका. सुंभ कुजेपर्यंत मुळं धरतात. बाहेर सीतेची वेणी (तेही आपलं ऑर्किडच) लटकलेली असताना काचेच्या पेटीचं काय कौतुक! आणि जाळणाऱ्यांना सांगा की बांडगूळ झाडाचा रस पितं, ऑर्किड फक्त बसायला जागा मागतं, पाणी पावसाचं, खाणं पानांवरून ओघळून येईल ते.

प्रश्न: आमच्या बोअरच्या पाण्याचा टीडीएस (विरघळलेले क्षार) 900 आहे. उकळून गार करून फवारलं तरी पानांवर पांढरे डाग येतात. एसीचं पाणी चालेल का? (सोलापूर)

उकळून क्षार जात नाहीत, थोडा चुना भांड्याच्या तळाला बसतो आणि पाणी आटल्याने बाकीचे उलट दाट होतात. 900 चं पाणी या झाडांना म्हणजे खारं वरण. ऑर्किडच्या मुळावर स्पंजसारखं आवरण असतं, कोरडं असताना चंदेरी आणि भिजलं की हिरवं दिसतं, ते पाण्याबरोबर क्षारही ओढून घेतं, पाणी उडून जातं, क्षार तिथेच राहतात. मग मुळाची टोकं तपकिरी होतात आणि आपण म्हणतो पाणी कमी पडलं म्हणून अजून मारतो.

घरच्या आरओचं पाणी 100 च्या आत असेल तर चालेल. पावसाचं सगळ्यात भारी, पहिले दोन-तीन पाऊस गच्ची धुऊन जाऊ द्या आणि मग झाकणाच्या ड्रममध्ये साठवा, दोन फुटी टँकला पाणी लागतंच किती, आठवड्याला लिटरभर. एसीचं पाणी म्हणजे हवेतलीच वाफ, क्षार नसतात, मी वापरते, फक्त गाळून घ्या कारण कॉइलवरची धूळ आणि ट्रेमधला बुळबुळीतपणा त्यात येतो, आणि सर्व्हिसिंगला केमिकल मारलं असेल तर पुढच्या आठ-दहा दिवसांचं पाणी मोरीत.

खताचं तुम्ही विचारलं नाहीत पण विचारणार आहात. तुमच्याकडे कुठल्याही कृषी सेवा केंद्रात 19:19:19 मिळतं, द्राक्ष-डाळिंबवाले वापरतात तेच. पाच लिटरला एक ग्रॅम, पंधरा दिवसांतून एकदा फवारायचं, बस्स. डाळिंबाचा डोस दिलात तर आठवड्यात काम तमाम.

प्रश्न: मी अकरावीत आहे. रीलमध्ये बघितलं की बरणीत झाड लावून बूच लावलं की वर्षानुवर्षं पाणी घालावं लागत नाही. मला तशी ऑर्किडची बरणी करायचीय. होईल का? (पुणे)

ऑर्किडची नाही होणार रे, आणि का ते डोंबिवलीच्या उत्तरात आलंय. पण बरणीची गोष्ट ऐक, मजेशीर आहे. लंडनमध्ये नॅथॅनिएल वॉर्ड नावाचे डॉक्टर होते, झाडांचं वेड, पण शहरात कोळशाचा धूर इतका की बागेत काही जगेना. 1829 मध्ये त्यांनी एका पतंगाचा कोश ओल्या मातीत घालून बाटली बंद करून ठेवली, पतंग कधी बाहेर येतो बघायला, आणि पतंगाच्या आधी त्या मातीतून नेचा आणि गवत उगवलं. बाहेर मरणारा नेचा आत मजेत! त्यावरून त्यांनी काचेच्या बंद पेट्या केल्या, 1833 मध्ये तशा पेट्यांतून झाडं जहाजाने सिडनीला जिवंत पोचली, आणि पुढे चीनमधली चहाची रोपं भारतात आली तीही अशाच पेट्यांतून. तुझी रीलवाली बरणी म्हणजे हेच.

आता लक्षात घे, बाटलीत उगवला होता नेचा. नेचे, शेवाळं, फिटोनिया (रंगीत शिरांच्या पानांचं छोटं झाड) यांना बंद बरणी चालते. ऑर्किडच हवं असेल तर लुडिसिया घे, ते जमिनीवर वाढणारं आहे, काळपट मखमली पानांवर लाल-सोनेरी रेघा, फुलापेक्षा पानंच बघण्यासारखी. ते कमी उजेडात राहतं, कांडी तोडून लावली तरी फुटतं, आणि पॉकेटमनीत बसतं. पण बूच नको, बरणीचं तोंड अर्धं उघडं ठेव.

प्रश्न: न्यू जर्सीत राहते. इथे हिवाळ्यात हीटिंगमुळे हवा इतकी कोरडी की ओठ फुटतात, टँकमध्ये जमेल का? आणि पुण्याला आले की येताना चार झाडं बॅगेत आणू का? (अमेरिका)

बॅगेत अजिबात आणू नका, वर साइट्सचं लिहिलंय तेच, शिवाय कस्टम्सला झाडांसाठी रोगमुक्तीचा दाखलाही लागतो. एअरपोर्टवर झाडं जातील आणि वर दंड होईल.

टँक मात्र तुमच्यासाठीच आहे, बाहेरची हवा कोरडी असली की काचेच्या पेटीचा खरा उपयोग. आणि बेसमेंट असेल ना? हिवाळ्यात रात्री बारा-पंधरा डिग्रीला उतरत असेल तर नाशिकच्या दादांना जे जमलं नाही ते तुम्हाला जमेल, मास्डेव्हालिया लावा. उन्हाळ्यात एसी लागेल तेवढं बघा. मला इथे ठाण्यात बसून तुमचा हेवा वाटतोय, एवढंच.

प्रश्न: टँकमध्ये बारीक गोगलगाई झाल्यात, मुळांची हिरवी टोकं खाऊन टाकतात. शिवाय मॉसमध्ये पांढरे ठिपक्याएवढे किडे उड्या मारतात. औषध कुठलं मारू? (कोल्हापूर)

उड्या मारणाऱ्यांना काही करू नका, ते स्प्रिंगटेल, कुजलेलं आणि बुरशी खातात, फुकटचे सफाई कामगार. लोक ते विकत आणून सोडतात.

गोगलगाई मात्र जुन्या टँकच्या खडीतून किंवा मॉसमधून आलेल्या असणार. औषध नको, बंद पेटीत औषध मारून वर रोज त्यात नाक खुपसायचं म्हणजे आपणच आजारी. रात्री काकडीची चकती ठेवा, अकरा-बाराच्या सुमारास टॉर्च घेऊन जा, चकतीखाली जमलेल्या असतात, उचलायच्या. सलग दहा-बारा रात्री करावं लागतं, अंड्यांतून नवीन येत राहतात. मुलांना कामाला लावा, त्यांना भारी आवडतं. नवीन झाड आणलं की त्याचं मूळचं मॉस सगळं काढून टाकायचं आणि पंधरा दिवस वेगळ्या डब्यात ठेवायचं, मग टँकमध्ये.

आणि एखादं पान काळं पडायला लागलं तर गरम करून गार केलेल्या ब्लेडने निरोगी भागापर्यंत कापा, कापलेल्या जागी दालचिनीची पूड लावा. फक्त कापलेल्या जागी. मुळांवर सांडली तर ती सुकवून टाकते.

प्रश्न: मी निवृत्त शिक्षक. तुमच्यासारखंच सगळं केलंय, पंखा, लाइट, कौल सुद्धा. दोन वर्षं झाली, झाडं टवटवीत आहेत, पानं गर्द हिरवी, पण एकही फूल नाही. नातू विचारतो, आजोबा, ही प्लास्टिकची आहेत का? (सातारा)

सर, तुम्ही लिहिलेल्या "गर्द हिरवी" मध्येच उत्तर आहे. ऑर्किडचं पान गर्द हिरवं म्हणजे उजेड कमी. पोपटी-हिरवं हवं, कडेला किंचित लालसर झाक आली तरी चालेल. झाडं वरच्या बाजूला सरकवा, बॅटनपासून सहा-सात इंचावर आणा, एकदम नाही, आठवड्याला दोन इंच असं. आणि रात्री लाइट पूर्ण बंद होतोय ना ते बघा, हॉलमधला टीव्ही बारापर्यंत चालत असेल तर टँकवर कापड टाका. सातारची थंडी आहेच, हिवाळ्यात खिडकीजवळ ठेवून रात्री चार-पाच डिग्री गार मिळू द्या, पुष्कळ जातींना कळी धरायला तेवढा फरक लागतो.

पण त्याआधी एक करा, नातवाच्या हातात भिंग द्या आणि पानांच्या खालून, मागून नीट बघायला सांगा. तुम्ही जातींची नावं लिहिली नाहीत. लेपॅन्थिससारख्यांचं फूल पानाला चिकटूनच येतं आणि प्लॅटिस्टेल नावाच्या गटात तर दोन-अडीच मिलिमीटरची फुलं आहेत, म्हणजे मोहरीच्या दाण्याएवढी. माझ्या एका बल्बोफायलमला फूल येऊन गेल्याचं मला वाळलेला दांडा दिसल्यावर कळलं होतं. सापडलं तर फोटो पाठवा, शेजारी रुपयाचं नाणं ठेवून.